गोळीचे नाव बदलले, औषध बदलले का?

मध्य रेल्वेच्या उपनगरी गाड्या कसाऱ्याला येऊन थांबतात. मुंबईपासून हे अंतर सुमारे १२१ किलोमीटर. पुढे थळ घाट सुरू होतो. लोक त्याला कसारा घाटच म्हणतात. तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवायचे म्हणजे येथील माणूस लोकल पकडून कल्याण नाही तर ठाणे गाठतो आणि चिठ्ठी घेऊन संध्याकाळी परततो. पहिल्या महिन्याच्या गोळ्या तिकडेच घेतलेल्या असतात. त्या संपल्यावर गावच्या दुकानात चिठ्ठी दाखवली की दुकानदार म्हणतो, "मावशी, ही कंपनी आमच्याकडे येत नाही. पण ही घ्या, औषध तेच आहे." मावशी डबी उलटसुलट करून पाहतात. नाव वेगळे, वेष्टन वेगळे. मन काही घेत नाही. मग कोणी कल्याणला जाणारे भेटेपर्यंत गोळी बंद!

थायरॉईडच्या गोळीच्या बाबतीत असे पुष्कळदा घडते. "औषध तेच आहे" हे दुकानदाराचे वाक्य कितपत खरे? थोडे रसायनशास्त्र आणि थोडे अंकगणित यांच्या मदतीने आपण ते तपासून पाहू.

आपल्या गळ्यात, स्वरयंत्राच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी म्हणजेच थायरॉईड असते. ती थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते आणि ते रक्तात मिसळते. शरीरातील पेशींनी कोणत्या वेगाने काम करायचे हे त्यावर ठरते. ते कमी पडले की माणूस थकतो, त्याला थंडी सोसत नाही, कातडी कोरडी पडते, वजन वाढते. तान्ह्या मुलात कमी पडले तर मेंदूची वाढच खुंटते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी २५ डिसेंबर १९१४ रोजी या संप्रेरकाचे स्फटिक वेगळे केले. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची रचना शोधली आणि १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवूनही दाखवले. त्याच्या एका रेणूत आयोडिनचे चार अणू असतात. वजनाने पाहिले तर थायरॉक्सिनचा जवळजवळ ६५ टक्के भाग आयोडिनच असतो.

गोळीत असते ते हेच थायरॉक्सिन. औषधाच्या भाषेत त्याला लेव्होथायरॉक्सिन म्हणतात. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स ही सारी त्याचीच व्यापारी नावे. डबीवर मोठ्या अक्षरांतल्या नावाखाली बारीक अक्षरांत 'लेव्होथायरॉक्सिन' लिहिलेले सापडेल. तेवढ्यापुरते दुकानदाराचे म्हणणे बरोबर आहे. रेणू तोच.

मग फरक पडेल तो कशात? प्रमाणात. मोठ्या माणसाला रोज १०० मायक्रोग्रॅम लागते असे धरू. एक ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम औषध अशा माणसाला १०,००० दिवस, म्हणजे सत्तावीस वर्षांहून अधिक काळ पुरेल! गोळीचे वजन १०० मिलिग्रॅम धरले, तर तिच्यातला हजारावा भागच औषधाचा. बाकी सगळे लॅक्टोज, मॅनिटॉल, स्टार्च यांसारखे भरणद्रव्य. एक किलो पिठात एक ग्रॅम मीठ असे मिसळायचे की प्रत्येक चिमटीत ते सारखे यावे, इतके हे काम नाजूक आहे. शिवाय थायरॉक्सिन उष्णतेने व दमटपणाने हळूहळू बिघडते. एका कंपनीची गोळी पोटात लवकर विरघळते, दुसरीची थोडी सावकाश. त्यामुळे रक्तात पोहोचणारे प्रमाण थोडे कमीजास्त होऊ शकते.

थोडे म्हणजे किती? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये नियम कडक केला. मुदत संपेपर्यंत गोळीत लिहिलेल्या प्रमाणाच्या ९५ ते १०५ टक्के औषध असलेच पाहिजे. आधी ही सूट ९० ते ११० टक्क्यांपर्यंत होती. म्हणजे १०० मायक्रोग्रॅमच्या गोळीत जुन्या नियमाने २० मायक्रोग्रॅमपर्यंत तफावत चालत असे, नव्या नियमाने फार तर १०. डॉक्टर ८८ वरून १०० वर किंवा १०० वरून ११२ वर गोळी नेतात, तेव्हा पायरी १२ मायक्रोग्रॅमची असते. म्हणजे पूर्वीची तफावत एका पायरीहूनही मोठी होती. तज्ज्ञांची काळजी अनाठायी नव्हती.

आता मावशींच्या गोळीबंदीचा हिशेब करू. रक्तातील थायरॉक्सिन निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. यालाच अर्धायुकाल म्हणतात. किरणोत्सारी पदार्थांच्या धड्यात हा शब्द तुम्ही वाचला असेल. ज्यांची ग्रंथी काहीच काम करत नाही त्यांनी एक दिवस गोळी चुकवली तर साठ्यातला सुमारे दहावा भाग जाईल. एक आठवडा बंद ठेवली तर निम्मा साठा संपेल, तीन आठवड्यांत अष्टमांशच उरेल. कंपनी बदलल्याने पडणारा फरक पाच-दहा टक्क्यांचा, आणि गोळी बंद ठेवल्याने पडणारा पन्नास टक्क्यांहून अधिक! तेव्हा आपली कंपनी मिळाली नाही म्हणून रिकाम्या हाती परतणे हा सर्वांत तोट्याचा व्यवहार. तेवढ्याच मायक्रोग्रॅमची दुसऱ्या कंपनीची गोळी घ्यावी आणि डॉक्टरांना तसे कळवावे.

हाच अर्धायुकाल आणखी एक गोष्ट सांगतो. नव्या गोळीने फरक पडायचा असेल तर पहिल्या आठवड्यात त्याचा अर्धाच भाग दिसेल, दुसऱ्याअखेर पाऊण, तिसऱ्याअखेर सात अष्टमांश. सहा आठवड्यांनी चौसष्टांपैकी त्रेसष्ट भाग पूर्ण झालेले असतात. म्हणून रक्त तपासायचे ते सहा आठवड्यांनी. आठ दिवसांत तपासणी करून "नवी गोळी लागू पडत नाही" म्हणणे म्हणजे भात चुलीवर ठेवताच झाकण काढून तो कच्चा आहे म्हणण्यासारखे.

तपासतात ते टीएसएच. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी थायरॉक्सिनवर पहारा ठेवते आणि ते कमी झाले की टीएसएच हे दुसरे संप्रेरक अधिक सोडते. हा पहारेकरी फार तिखट आहे. थायरॉक्सिन निम्मे झाले तर टीएसएच साधारण शंभरपट वाढते. त्यामुळे लहानसा फरकही तपासणीत पकडला जातो.

मनाला वाटणे आणि मापणे यांतले अंतर न्यूझीलंडमध्ये फार ठळकपणे दिसले. २००७ मध्ये तेथील नेहमीच्या गोळीतील भरणद्रव्ये बदलली आणि पिवळी गोळी पांढरी झाली. तीस वर्षांत तिच्याविरुद्ध १४ तक्रारी आल्या होत्या. पुढच्या अठरा महिन्यांत १,४०० हून अधिक आल्या. तपासणीत मूळ औषध तेच व तेवढेच निघाले. ज्या भागांत बातम्यांचा गाजावाजा अधिक, तेथून तक्रारीही अधिक होत्या. पण म्हणून रोग्यांना खोटे ठरवणेही बरोबर नाही. फ्रान्समध्ये २०१७ मध्ये असाच बदल होऊन मोठे वादळ उठले. तेव्हा गटाची सरासरी जुळली तरी प्रत्येक माणसात दोन्ही गोळ्या सारख्याच शोषल्या जातात असे नाही, हा मुद्दा २०१९ मध्ये काही संशोधकांनी आकडेवारीनिशी मांडला. अमेरिकेत २०२२ मध्ये हजारो रोग्यांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. कंपनी न बदललेल्यांपैकी ८२.७ टक्के आणि बदललेल्यांपैकी ८४.५ टक्के लोकांचे टीएसएच योग्य होते. बहुतेकांना बदल सोसतो. कोणाला सोसला नाही हे मापूनच कळते.

कधी कधी दोष कंपनीचा नसतोच. समजा, ज्या महिन्यात गोळी बदलली त्याच महिन्यात आरोग्य केंद्रातून रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतात. दोन्हींत चार तासांचे अंतर हवे. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन चहा अर्धा-पाऊण तास लांबवावा लागतो. पहाटेची लोकल पकडणाऱ्याला हे जड जाते, हे खरे!

गर्भवती स्त्रिया, तान्ही मुले आणि कर्करोगामुळे ग्रंथीच काढून टाकलेले रोगी यांच्यासाठी मात्र थोडा फरकही महत्त्वाचा. परळला १९६३ पासून असलेल्या अणुऔषध केंद्रात किरणोत्सारी आयोडिनचे उपचार घेतलेले अनेक जण याच गटात मोडतात. त्यांनी शक्य तो एकाच कंपनीची गोळी दोन-तीन महिन्यांची एकदम आणून ठेवावी आणि बदल करावाच लागला तर डॉक्टरांना विचारून करावा. साठा स्वयंपाकघरात चुलीजवळ किंवा खिडकीत नको. घाटाच्या पायथ्याच्या पावसाळ्यात कागदसुद्धा ओला लागतो. तेव्हा गोळ्या मूळ वेष्टनातच, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. आणि दुकानातून निघण्यापूर्वी वेष्टनावरचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहावा. नाव बदलले तर पाच-दहा टक्क्यांची गोष्ट आहे. १०० च्या जागी ५० आली तर निम्मे औषध गेले.