दप्तरातले इन्सुलिन

परवा निमोण्यातील एक गृहस्थ सातवीतल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, हिला आता घरीच बसवू का?" मुलीला दोन वर्षांपासून मधुमेह आहे. आदल्या दिवशी शाळेत तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. उपाशी आली असेल म्हणून तिला बाकावर झोपवले. मैत्रिणीने साखर भरवली म्हणून निभावले.

मुलांमध्ये प्रामुख्याने आढळणारा हा टाइप १ मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही, एकापासून दुसऱ्याला लागतही नाही. स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने तो होतो. यात गोळ्यांनी भागत नाही. १९२२ साली टोरांटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत.

मुलीचा घोटाळा खिचडीने केला. साधे इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घेतात. तिने बारा वाजता घेतले, तेही शौचालयात लपून. नेमका त्या दिवशी शाळेतला गॅस संपला आणि खिचडी दीडला आली. इन्सुलिन कोणाची वाट पाहत नाही! तेव्हा जेवण वेळेवर आहे हे बाईंनी सांगितल्याशिवाय सुई टोचू नये. कबड्डीच्या सरावाआधीही साखर तपासून गरजेप्रमाणे थोडे खावे.

ग्लुकोमीटरवर साखर ७० च्या खाली दिसली तर तीन चहाचे चमचे साखर वा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. यंत्र जवळ नसेल तर नुसत्या शंकेवरही साखर द्यावी. मूल बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

वापरातली बाटली साधारण महिनाभर फ्रीजबाहेर चालते, पण आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात नव्हे. माठात थोडे पाणी घालून त्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ती ठेवावी.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही मुलांना परीक्षेत खाऊ जवळ ठेवण्याची मुभा दिली. वर्गात का नसावी?

मुख्याध्यापकांना मी चिठ्ठी दिली: हिला वर्गात साखर तपासू द्यावी, इंजेक्शनसाठी कार्यालयात जागा द्यावी, बाईंच्या टेबलात ग्लुकोजचा पुडा असावा. सोमवारपासून मुलगी शाळेत जाते आहे.