झाडू मारणारा रोबो घ्यायचाय? पास्कलचे आकडे नंतर, आधी तुमची फरशी आणि मुसल्ला बघा

‘अम्मीचे गुडघे दुखतात, वाकून झाडू-पोछा जमत नाही, तो फिरणारा रोबो घ्यावा का?’ रमजान जवळ आला की हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. विचारणारा बहुतेक वेळा मुलगा असतो, आणि तो दुबईत, दोह्यात नाहीतर पुण्यात असतो. घर मात्र चिपळूणला, महाडला, मालेगावात किंवा मुंब्र्यात. म्हणजे पैसे देणारा एक आणि मशीन सांभाळणारी दुसरीच. दुकानातला सेल्समन तुम्हाला मोटरची ताकद सांगेल, पण हे मशीन रोज कोण धुणार ते विचारणार नाही. म्हणून आम्ही विचारतोय.

आधी एक फुकटची परीक्षा करा. हे रोबो साधारण ३५ सेंटीमीटर व्यासाचे आणि ८ ते १० सेंटीमीटर उंचीचे असतात. तेवढ्या मापाचा एक खोका घ्या आणि घरभर जमिनीवरून सरकवत न्या. पलंगाखाली जातो का? दिवाणाखाली? जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांमधून निघतो का? आता उंबरठे मोजा. साधा रोबो दीड-दोन सेंटीमीटरचा अडथळा कसाबसा चढतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत, विशेषतः कोकणातल्या चिऱ्याच्या घरांत, उंबरठा त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. अशा घरात रोबो एका खोलीपुरताच राहील आणि त्याला उचलून दुसऱ्या खोलीत ठेवायला पुन्हा अम्मीलाच वाकावं लागेल. जिन्यावरून तो चढत-उतरत नाही, त्यामुळे दोन मजली घरात वरचा मजला विसरा.

आमचं स्पष्ट मत असं: साडेतीनशे-चारशे चौरस फुटांची खोली, त्यात सहा माणसं, खाली गाद्या, चार्जरच्या वायरी आणि मुलांची दप्तरं असतील तर रोबो घेऊ नका. त्याच पैशात लांब दांड्याचा हलका कॉर्डलेस व्हॅक्यूम आणि पिळायची बादली असलेला चांगला मॉप येतो, आणि गुडघ्यांना खरा आराम त्यातच आहे. रोबोचा फायदा होतो तो सपाट टाईल्सच्या, दोन-तीन खोल्यांच्या, जमीन मोकळी असलेल्या घरात. तिथे मात्र तो रोजची बारीक धूळ, केस आणि दाणे गुपचूप उचलतो, आणि हाताने झाडू आठवड्यातून एक-दोनदाच मारावा लागतो.

पास्कलचं प्रकरण

खोक्यावर मोठ्या अक्षरात ५०००, ८०००, १०००० असे पास्कलचे आकडे असतात. पास्कल म्हणजे मशीन आतून किती जोराने हवा ओढते त्याचा दाब. पण कचरा आत येतो तो दाब, हवेचा प्रवाह आणि ब्रशची रचना या तिन्हींमुळे. नुसता दाब मोठा असून चालत नाही. टाईल्सच्या घरात दोन-अडीच हजारही पुरतात. जाड गालिचे असतील तरच त्यापुढचे पैसे मोजा. त्याऐवजी ब्रश बघा. ज्या घरात तीन-चार लांब केसांच्या बायका-मुली आहेत तिथे नुसत्या केसाळ ब्रशला आठवड्यात दोरखंड झालेला असतो. रबरी पात्यांच्या ब्रशमध्ये केस कमी अडकतात, कापून काढायलाही सोपे जातात.

भिवंडी-मालेगावच्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. पॉवरलूम जवळ असेल तर घरात रुईचे बारीक तंतू सतत येतात. ते फिल्टरवर थर करून बसतात आणि ओढण्याची ताकद दोन दिवसांत निम्म्यावर येते. अशा घरात फिल्टर धुता येणारा हवा आणि तो सहज मिळणारा हवा. धुतल्यावर चोवीस तास पूर्ण सुकवूनच बसवा. ओला फिल्टर बसवला तर कुबट वास येतो आणि मोटरही खराब होते. म्हणून दोन फिल्टर आलटून पालटून वापरा.

रोबो फिरतो कसा, हे खरं तर सगळ्यात महत्त्वाचं. अगदी स्वस्तातले धडकत-धडकत फिरतात, एकच कोपरा चारदा झाडतात आणि दुसरा सोडतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यावरचे लायडारवाले असतात. त्यांच्या डोक्यावर एक छोटी गोल टोपी असते, त्यातून लेझर फिरतो, भिंतींची अंतरं मोजतो आणि घराचा नकाशा बनवतो. मग मोबाईलवर ‘इथे जाऊ नकोस’ असा चौकोन आखता येतो. आपल्या घरांसाठी हीच सोय सगळ्यात कामाची आहे. नमाजच्या कोपऱ्याभोवती, रेहलवर कुरआन शरीफ ठेवून दादी बसतात त्या जागेभोवती हा चौकोन आखून टाका. नाहीतर त्या दोन मिनिटं उठल्या की रोबो येऊन रेहलला धक्का देणार.

मुसल्ल्याची झालर हा रोबोचा जुना वैरी. ती ब्रशमध्ये ओढली जाते, रोबो जागीच घुरघुरत थांबतो, कधी झालरही तुटते. नमाज झाली की मुसल्ला उचलून ठेवायची सवय बहुतेक घरांत असतेच, पण खोलीभर अंथरलेल्या झालरवाल्या सतरंज्या-गालिचे असतील तर झालर आत दुमडून ठेवावी लागेल. गालिचा काळा किंवा गडद असेल तर आणखी एक गंमत होते. रोबोच्या पोटाखाली पायरीवरून पडू नये म्हणून इन्फ्रारेड सेन्सर असतात. काळा रंग तो प्रकाश परत पाठवत नाही, मग रोबोला वाटतं पुढे खड्डा आहे आणि तो मागे फिरतो. सेन्सरवर टेप लावायचा सल्ला इंटरनेटवर मिळेल, पण घरात जिना असेल तर तो उद्योग करू नका.

पोछा आणि पाकीचा प्रश्न

आता बहुतेक रोबो झाडूबरोबर पोछाही मारतात. इथे आपल्या घरात फक्त ‘स्वच्छ’ पुरत नाही, ‘पाक’ही लागतं. लहान बाळाने फरशीवर लघवी केली, कोणाच्या लक्षात आली नाही, आणि रोबो आला. साध्या रोबोच्या मागे एकच ओलं फडकं लावलेलं असतं. ते फडकं ती जागा पुसतं आणि तसंच ओलं पुढे हॉलमधून, बेडरूममधून फिरतं. म्हणजे एका जागेची नापाकी घरभर. मांजराने घाण केली असेल तर काय होईल ते आम्ही लिहीत नाही, मांजरवाल्यांना कळलं असेल.

महागड्या मॉडेलमध्ये फिरणारी दोन फडकी असतात, आणि रोबो मध्येमध्ये आपल्या स्टेशनवर जाऊन ती पाण्याने धुतो. हे नक्कीच बरं आहे, पण नजासत ओळखून आधी ती काढणं त्यालाही येत नाही. त्यामुळे नियम सोपा ठेवा: असं काही झालं की ती जागा आधी हाताने, पाणी टाकून नीट साफ करायची, रोबो नंतर. फरशी सुकल्यावर पाक धरायची की नाही, पाणी किती वेळा टाकायचं, यात हनफी आणि शाफई मसलकात फरक आहे. कोकणातले बरेचसे मुसलमान शाफई आहेत, बाकी महाराष्ट्रात बहुतेक हनफी, तेव्हा आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांनाच विचारा. घरात रांगतं मूल असेल तर आमचा सल्ला: रोबोला झाडूचंच काम द्या, पोछा हाताने मारा. पैसेही वाचतील.

वुझूच्या जागेजवळ, मोरीजवळ पाणी साचतं तिथेही ‘जाऊ नकोस’चा चौकोन हवा. झाडणारा रोबो पाणी ओढण्यासाठी बनलेला नसतो, पाणी मोटरपर्यंत गेलं तर वॉरंटीतही बसत नाही.

कॅमेरा

काही रोबोंच्या पुढच्या बाजूला कॅमेरा असतो. वायर, चप्पल, खेळणं ओळखून बाजूने जाण्यासाठी तो दिलेला असतो, आणि काही मॉडेलमध्ये तर बाहेरून मोबाईलवर घर लाईव्ह बघता येतं. घरात बायका-मुली बिनधास्त वावरतात, डोक्यावर ओढणी असेलच असं नाही. तिथे चाकांवर फिरणारा कॅमेरा हवा का, हे पैसे देणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. घरातल्या बायकांना विचारा.

ही भीती हवेतली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ या अमेरिकन नियतकालिकाने दाखवून दिलं की आयरोबोट कंपनीच्या रूंबा रोबोंनी २०२० मध्ये घराघरांत काढलेले फोटो सोशल मीडियावर पोहोचले होते. त्यात टॉयलेटवर बसलेल्या एका बाईचाही फोटो होता. फोटोंमधल्या वस्तू ओळखून नावं देण्याचं काम बाहेर दिलेलं होतं, आणि तिथल्या कामगारांनी ते आपल्या ग्रुपवर टाकले. कंपनीचं म्हणणं असं की हे चाचणीसाठीचे खास रोबो होते, ते वापरणाऱ्यांनी तशी संमती दिली होती आणि दुकानात विकले जाणारे रोबो वेगळे आहेत. ते धरून चाललो तरी घरातला फोटो किती हातांतून जाऊ शकतो हे कळतंच. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या काही घरांत इकोव्हॅक्सच्या डीबॉट एक्स-२ रोबोंचा ताबा हॅकर्सनी घेतला आणि त्यांच्या स्पीकरमधून घरच्यांना शिव्या ऐकवल्या.

आमच्या मते बहुतेक घरांना फक्त लायडार असलेला, कॅमेरा नसलेला रोबो पुरतो. लेझर अंतर मोजतो, फोटो काढत नाही. मात्र डोक्यावर लायडारची टोपी आहे म्हणजे पुढे कॅमेरा नाहीच असं समजू नका, महागड्या मॉडेलमध्ये दोन्ही असतात. वैशिष्ट्यांच्या यादीत ‘आरजीबी कॅमेरा’, ‘व्हिडिओ कॉल’, ‘होम मॉनिटरिंग’ असं काही दिसलं तर थांबा आणि विचार करा. अ‍ॅपचा पासवर्ड दुसरीकडे वापरलेला नको. आणि रोबो विकताना किंवा कोणाला देताना रिसेट करूनच द्या, त्यात तुमच्या घराचा नकाशा असतो.

दुबईहून आणावा का?

यूएईची वीज आपल्यासारखीच आहे, प्लग तेवढा बदलावा लागतो. अमेरिकेहून आणत असाल तर चार्जिंग डॉकच्या तळाचं लेबल वाचा. १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर ठीक, फक्त १२० लिहिलं असेल तर इथे लावू नका. खरी अडचण वॉरंटीची आहे. तिकडची वॉरंटी इथे सहसा चालत नाही. चीनच्या बाजारासाठी बनलेला पीस असेल तर अ‍ॅपमध्ये देश चीन निवडल्याशिवाय तो जोडलाच जात नाही, आणि बोलतोही चिनी. इथे घेतला तरी सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा. रत्नागिरीतल्या माणसाला मशीन मुंबईला पाठवायला लागणार असेल तर ते आधीच कळलेलं बरं. बॅटरी, ब्रश, फिल्टर आणि फडकी वेगळी विकत मिळतात का हेही बघा. बॅटरी काही वर्षांनी उतरतेच.

कंपनीच बुडाली तर? नीटो नावाची कंपनी २०२३ मध्ये बंद झाली. पुढे २०२५ मध्ये तिची क्लाउड सेवाही गेली, आणि लोकांच्या घरचे चांगले चालणारे रोबो अ‍ॅपवरून हलेनासे झाले. म्हणून अंगावरचं बटण दाबून, इंटरनेटशिवाय चालतो का ते नक्की तपासा. अम्मीलाही ते बटणच सोपं पडेल. बरेच रोबो फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर जोडले जातात, हेही राउटर लावणाऱ्याला सांगून ठेवा.

किंमत म्हणाल तर साधारण बारा-पंधरा हजारांपासून सुरुवात आहे, बरा लायडारवाला वीस-तीस हजारांत, आणि स्वतः कचरा रिकामा करणारं, फडकी धुणारं स्टेशन असलेला त्याच्याही बराच वर. ‘नो कॉस्ट ईएमआय’ दिसला तर बिल नीट वाचा. बँक त्यात व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट देतो म्हणून ते दिसत नाही, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनेही २०१३ मध्ये सांगितलं होतं. सूद टाळणाऱ्यांनी दोन महिने थांबून रोखीने घ्यावा.

वेळ लावताना अजानचा विचार करा. रोबोचं टायमर घड्याळावर चालतं आणि नमाजच्या वेळा सूर्यावर. मुंबईत मगरिब हिवाळ्यात सहाच्या सुमारास, तर पावसाळ्याच्या तोंडावर सव्वासातच्या पुढे. आज सहाला लावलेला रोबो दोन महिन्यांनी बरोबर सजद्याच्या वेळी खोलीत घुसेल. सकाळी दहा-साडेदहाची वेळ सगळ्यात बरी, मुलं शाळेत असतात आणि जमीन मोकळी असते.

आणि घरी आल्यावर खोका लगेच फेकू नका. अनेक ऑनलाइन दुकानांत पैसे परत मिळत नाहीत, फक्त बदलून मिळतो, तेही सात-दहा दिवसांतच. खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा. पहिल्याच आठवड्यात त्याला उंबरठा, पलंगाखालची जागा, काळा गालिचा आणि हॉल, सगळीकडे फिरवून बघा. मुलगा सुट्टीवर आला असेल तर त्या आठवड्यात डबा रिकामा करणं, ब्रशमधले केस काढणं आणि फडकं धुणं त्यानेच करावं. हे काम रोज किती वेळ खातं ते त्यालाही कळेल, आणि परत जाताना मशीन ठेवायचं की बदलायचं हे अम्मीला विचारूनच ठरवता येईल.