रंग बदलणारी तलवार

अमेरिकेत अटलांटाजवळच्या अल्फारेटा शहरी मराठी घरांतही १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातली उजेडाची तलवार मुलांच्या हाती दिसते. तिचा रंग हवा तसा बदलता येतो. कसा? आत लाल, हिरवे व निळे असे तीनच प्रकारचे दिवे. प्रत्येकाचा उजेड ० ते २५५ या अंकांनी कमीजास्त करायचा. लाल व हिरवा २५५, निळा ० ठेवला की पाते पिवळे! वर्गात आम्ही रंगपेटीतले तेच दोन रंग मिसळतो, तेव्हा मात्र मळकट तपकिरी होतो. कारण उजेडात उजेड मिळून वाढतो; रंग उजेड गिळतात.

आपल्या मॉरिशसच्या झेंड्यातले लाल, निळा, हिरवा तलवारीत तयारच आहेत. चौथा, पिवळा, मुलांना स्वतः जुळवू द्या. स्वतः केलेले ती विसरत नाहीत.