दाणा कुठे चुकला?

पेटीतून एकेक दाणा उचलायचा आणि तासात ठरल्या अंतरावर, ठरल्या खोलीवर सोडायचा, हे ट्रॅक्टरवरच्या टोकणयंत्राचे काम. रिसोड तालुक्यातले रिठद ज्या सोयाबीनपट्ट्यात येते, तिथल्या काळ्या रानासाठी त्याचे रुंद वरंबा-सरीचे, म्हणजे बीबीएफ, रूप सुचवले जाते. तिफणीच्या पेरणीत चाड्यावरची मूठ दाण्यांचा ओघ सांभाळायची. इथे ते काम पेटीच्या तळाशी तिरप्या बसवलेल्या खाचांच्या चकतीकडे आले. खाच दाणा घेऊन वर जाते, जादा दाणे घरंगळून मागे पडतात, राहिलेला नळीतून खाली उतरतो. चकती फिरते जमिनीवर चालणाऱ्या चाकाच्या जोरावर, साखळीने.

इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यातली पिक-अँड-प्लेस यंत्रेही हाच धंदा करतात. तिथे हवेच्या ओढीने उचललेला सुटा भाग नीट बसला आहे का, हे कॅमेरा तपासतो. शेतातली चूक मात्र मातीआड जाते आणि आठवडाभराने उगवणीत दिसते. म्हणून दोष उचलण्यात आहे, चालीत आहे की सोडण्यात, हे पेरणीआधीच पाहिलेले बरे. नाहीतर चकती बदलली जाते आणि बिघाड साखळीत तसाच राहतो.

त्याची तपासणी खडूच्या एका खुणेवर होते. यंत्र हायड्रोलिकवर उचलून चाकावर खूण करायची, नळ्यांखाली पिशव्या बांधायच्या आणि चाक हाताने १० फेरे फिरवायचे. चाकाचा व्यास ४० सेंमी असेल, तर एका फेऱ्यात सुमारे १२६ सेंमी अंतर जाते. दोन दाण्यांत ५ सेंमी हवे असतील, तर १० फेऱ्यांत प्रत्येक पिशवीत २५० च्या आसपास दाणे पडायला हवेत. कमी पडले, तर खाच लहान आहे किंवा बीजप्रक्रियेनंतर न सुकलेले बियाणे पेटीत चिकटून बसले आहे. जास्त पडले, तर खाचेत जोडीने दाणे शिरत आहेत. फुले संगमचा दाणा जेएस-३३५ पेक्षा टपोरा, त्यामुळे वाण बदलले की चकतीही पाहावी लागते. पिशवीत फुटकी डाळ दिसली, तर दाणा चकतीत चेंगरतो आहे. सोयाबीनचे साल नाजूक असल्याने ही तक्रार नेहमीची.

मोजणी बरोबर आली, तर यंत्र रानात उतरवून तेच १० फेरे टेपने मोजायचे. साडेबारा मीटरऐवजी १४ मीटर अंतर भरले, तर चाक दहा टक्के घसरते आहे आणि दाणे विरळ पडत आहेत. वाफसा यायच्या आत यंत्र घातले की चिकण माती चाकाला लपेटते आणि हे हमखास होते. साखळी सैल असेल, तर चकती हिसके देत फिरते आणि दाणे झुपक्याने पडतात. ट्रॅक्टर पळवला, तर खाचा भरायला वेळच मिळत नाही.

उगवलेले तासही बरेच सांगते. एकच तास सरळ कोरे गेले, तर त्या फणाची नळी चिखलाने बुजली होती. उभ्या जागी यंत्र खाली टेकवले किंवा टेकवून मागे घेतले की असे होते. २४ खाचांच्या चकतीतली एक खाच बंद असेल, तर दर १२० सेंमीवर नेमका एक खाडा दिसतो. ओलसर सखल भागातच खाडे असतील, तर चाकाची घसरण धरावी.

खोलीचा दोष सर्वांत फसवा, कारण दाणा असतो, रोप नसते. सोयाबीनला बीजदले उचलून जमिनीबाहेर यावे लागते. ५ सेंमीपेक्षा खोल गेलेला दाणा, वरून जोराचा पाऊस होऊन पपडी धरली की, आतच कुजतो. टॉप लिंक कमी-जास्त झाल्याने यंत्र पुढे-मागे कलते आणि खोली बिघडते. चार पावले पेरून थांबायचे, माती बोटांनी उकरायची, दाणा ३ ते ५ सेंमीवर सापडेपर्यंत लिंक फिरवायची. एवढे करूनही राहिलेले खाडे उगवणीनंतर लगेच, ओल आहे तोवर, हाताने टोकून भरतात.