मालमोटारीचे मागील ब्रेक : ड्रम की डिस्क ?

बेळगावचा माल हळर्णच्या बाजूस येतो तो सह्याद्रीचा घाट उतरूनच; मग तो आंबोलीवरून बांद्याकडे येवो वा चोर्ल्यावरून साखळी-डिचोलीकडे. आम्ही व्यापारी मालाची मोजदाद चोख ठेवतो. परंतु ज्या ब्रेकच्या भरवशावर तो माल आणि गाडी हाकणारा जीव खाली उतरतो, त्याची विचारपूस क्वचितच करतो. मागील चाकांचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवावेत काय, या प्रश्नाचा येथे थोडक्यात विचार करू.

ब्रेक गतीचे उष्णतेत रूपांतर करतो. 16 टन वजनाची भरलेली गाडी 600 मीटर खाली उतरली आणि सारा भार ब्रेकवरच पडला, तर त्या उष्णतेने सुमारे 300 लिटर पाणी उकळीस येईल. ड्रम ब्रेकमध्ये ही उष्णता आत कोंडते. ड्रम तापून फुगतो, आतून दाबणाऱ्या लायनिंगपासून दूर सरतो, आणि लायनिंगची पकडही ढिली पडते. डिस्क ब्रेकमध्ये उघड्या चकतीला दोन्ही अंगांनी पॅड आवळतात. चकती वाऱ्याने लवकर निवते व पावसात भिजली तरी लवकर कोरडी होते. ही कल्पना जुनीच आहे. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 साली तिचे पेटंट घेतले होते.

तथापि केवळ चकती आणून जोडणे म्हणजे सुधारणा नव्हे. ड्रममधील शू चाकाच्या फिरण्यानेच अधिक घट्ट ओढला जातो. डिस्कला हे साहाय्य नसल्याने अधिक जोर लागतो. म्हणून हब, कॅलिपर, आसावरील ब्रॅकेट व हवेचे चेंबर एकमेकांस जुळणारेच हवेत. रिममध्ये जागा हवी. आणि उभ्या गाडीचा हातब्रेकही पूर्ववत लागला पाहिजे. सर्वांत मोठा धोका पुढल्या-मागल्या ब्रेकांचा तोल बिघडण्याचा. रिकाम्या गाडीची मागील चाके आधी जखडली, तर ओल्या वळणावर तिची शेपटी फिरते. उलट, भरल्या गाडीचे पुढील ड्रम तापून थकले, तर सारा बोजा मागील चकत्यांवरच येतो.

शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने वाहनातील फेरबदलांवर निर्बंध घातले आहेत. तेव्हा गाडीच्या उत्पादकाचा लेखी सल्ला आणि नोंदणी अधिकाऱ्याचे मत घेतल्यावाचून या कामास हात घालू नये. नवी गाडी घेताना मात्र डिस्क ब्रेकची चौकशी अवश्य करावी.

तोवर जुन्या ड्रमची हेळसांड नको. लायनिंग वेळेवर बदलावे, हवेच्या टाकीतील पाणी काढावे, मर्यादेपेक्षा अधिक भार घालू नये, आणि घाट खालच्या गियरमध्येच उतरावा. पाऊल टाकताना जीव दुखावू नये म्हणून आमचे मुनिमहाराज ईर्यासमिती पाळतात. गृहस्थाची चाके रस्त्यावर धावतात. त्यांनाही तीच सावधगिरी शोभते. ब्रेकवर वाचविलेला पैसा नफ्यात धरणारी वही खरी नव्हे.