ड्रममधलं लाकूड किती वाजतं?

१९६३ साली बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार याने लंडनच्या एका दुकानातून लुडविग कंपनीचा ड्रमसेट घेतला. बीटल्सची पुढची कित्येक गाणी याच बनावटीच्या ड्रमवर ध्वनिमुद्रित झाली. त्या ड्रमची शेल, म्हणजे गोल लाकडी अंगं, तीन थरांची होती आणि मधला थर होता पॉप्लरचा. पॉप्लर म्हणजे आपल्याकडे काड्यापेटीसाठी आणि प्लायवूडसाठी वापरतात ते हलकं, मऊ लाकूड. आज एखाद्या कंपनीने माहितीपत्रकात ‘पॉप्लर’ असं छापलं, की घरच्या घरी स्टुडिओ थाटायला निघालेला ड्रमर ते पान उलटून पुढे जातो. त्याला ‘शंभर टक्के मेपल’ हवं असतं, आणि तेही परवडणाऱ्या भावात.

मागणीत गैर काही नाही. फक्त मेपलसाठी आपण पैसे मोजतो ते नेमके कशाचे, हे आधी पदार्थविज्ञानाला विचारलेलं बरं.

काठी आपटते ती हेडवर, म्हणजे ड्रमच्या ताणलेल्या पडद्यावर. पूर्वी तिथे वासराचं कातडं असायचं. दमट हवेत ते सैल पडे आणि कोरड्या हवेत ताणलं जाई. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टरच्या फिल्मची हेड बाजारात आली आणि ही कटकट संपली. आजचं नेहमीचं एकपदरी हेड साधारण पाव मिलिमीटर जाडीचं असतं. बारा इंची टॉमवर, म्हणजे सेटमधल्या एका छोट्या ड्रमवर, बसणाऱ्या अशा पडद्याचं वजन हिशेब केला तर जेमतेम पंचवीस ग्रॅम भरतं. त्याखालचं आठ इंच खोल, पाच मिलिमीटर जाडीचं मेपलचं शेल सातशे ग्रॅमच्या आसपास जातं. त्यावर पोलादी कडी आणि ती शेलला जोडणारे लग वेगळेच. पंचवीस ग्रॅमचा पडदा एवढ्या वजनाला कितीसा हलवणार? शेल थरथरतं हे खरं, प्रयोगशाळांत ते मोजलंही गेलं आहे. पण आपल्या कानापर्यंत जो आवाज येतो तो बहुतांशी पडद्यांनी ढकललेल्या हवेचा.

पडद्याची पट्टी तीन गोष्टींवर ठरते : व्यास, ताण आणि पडद्याचं वजन. या सूत्रात लाकूड कुठेच येत नाही. ताणाचं गणितही चिकट आहे. पट्टी एक सप्तक वर न्यायची तर ताण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. शिवाय ड्रमला हेड दोन, आणि त्यांच्यामध्ये कोंडलेली हवा. वरचं हेड आत गेलं की हवा खालच्याला ढकलते. दोन्ही हेड एकाच दिशेने हलली तर आवाज खालचा निघतो, विरुद्ध दिशेने हलली तर मधली हवा दाबली जाते आणि कंपनसंख्या चढते. त्यामुळे खालच्या हेडचा ताण थोडा बदलला तरी तोच टॉम वेगळा वाटू लागतो. नवशिके नेमकं हेच हेड वर्षानुवर्षं हात न लावता ठेवतात.

गोल पडद्याची आणखी एक खोड आहे. त्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट अशा वेड्यावाकड्या प्रमाणात येतात. म्हणून ड्रमला ठोका असतो, सूर नसतो. तबल्याला सूर का असतो, याचं उत्तर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये आणि पुढे सविस्तर दिलं. पुडीवरची शाई मधला भाग जड करते आणि वरचे स्वर पूर्णांकी प्रमाणात आणून बसवते. ड्रमसेटवाल्यांनी हा मार्ग धरलाच नाही. नको असलेले स्वर ते सरळ दाबून टाकतात, जेलचा ठिपका किंवा चिकटपट्टी लावून. १९६६ साली ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी रिंगोच्या बास ड्रममध्ये चक्क एक लोकरी स्वेटर कोंबला होता.

मग शेलचं काम काय? दोन्ही हेड भक्कम धरून ठेवणं, आणि हे काम लहान नाही. शेल लवचिक असेल तर पडद्याची ऊर्जा लाकडात मुरते आणि आवाज लवकर विझतो. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे पाच मिलिमीटरचं शेल सहाचं केलं की ते जवळजवळ पावणेदोन पट ताठ होतं. जाडीतला हा एका मिलिमीटरचा फरक माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतो. लाकडाचं नाव मात्र ठळक छापलेलं असतं. उत्तर अमेरिकेतलं कठीण मेपल घनमीटरला सुमारे सातशे किलो भरतं, तिकडचं पिवळं बर्च त्याच्या अगदी जवळ, पॉप्लर साडेचारशेच्या आसपास. मेपल आणि पॉप्लर यांत अंतर आहे. मेपल आणि बर्च यांत ‘ऊबदार’ विरुद्ध ‘खणखणीत’ असं जे सांगितलं जातं, त्यात मला विज्ञानापेक्षा विक्रीकला जास्त दिसते. सत्तरच्या दशकातल्या यामाहाच्या ज्या सेटचं पुढे नावच ‘रेकॉर्डिंग कस्टम’ पडलं, तो बर्चचा होता. आणि असंख्य गाण्यांत वाजलेला लुडविगचा ‘सुप्राफोनिक’ स्नेअर तर अ‍ॅल्युमिनियमचा!

ड्रमच्या लाकडाची आंधळी परीक्षा माझ्या पाहण्यात नाही, पण गिटारची झाली आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात फक्त पाठीचं आणि बाजूचं लाकूड वेगळं असलेल्या सहा गिटार ५२ वादकांना न पाहता वाजवायला दिल्या. स्वस्त आणि महाग लाकडांना मिळालेल्या गुणांत फारसा फरक पडला नाही.

त्यात ‘मेपल’ हे एका झाडाचं नाव नव्हेच. या कुळात शंभराहून अधिक प्रजाती आहेत, काही आपल्या हिमालयातही उगवतात. साऱ्यांचं लाकूड सारखं कठीण नसतं. पेटीवर नुसतं ‘मेपल’ लिहिलं असेल तर कुठलं, हा प्रश्न दुकानात जरूर विचारावा.

तरीही मेपलच हवं असेल तर ते आज आवाक्यात आहे. पॅसिफिकचा ‘कन्सेप्ट मेपल’, ग्रेचचा ‘कॅटलिना मेपल’, टामाचा ‘सुपरस्टार क्लासिक’, पर्लचा ‘डिकेड मेपल’ हे सगळे पूर्ण मेपलचे आणि आपापल्या कंपनीच्या मानाच्या मालिकांपेक्षा बरेच स्वस्त. बर्च चालत असेल तर यामाहाचा ‘स्टेज कस्टम बर्च’ स्टुडिओत कुणालाही खाली मान घालायला लावणार नाही. मधल्या किमतीच्या सेटमध्ये काटकसर बहुधा कड्या, स्टँड आणि कारखान्यातून बसवून येणारी हेड यांत झालेली असते. हेड बदलता येतात. शेलचा काठ वाकडा असेल तर मात्र कारागीर गाठावा लागतो.

हा काठ म्हणजे हेड जिथे टेकतं ती कड, बहुधा पंचेचाळीस अंशांत तासलेली. ती एका पातळीत नसेल तर हेड सगळीकडे सारखं टेकत नाही आणि कितीही ट्यून केलं तरी टॉम भणभणत राहतो. तपासणी सोपी आहे. हेड उतरवून शेल सपाट ग्रॅनाइटवर उभं करायचं, घरचा ओटाही चालतो. खोलीत अंधार करून आत टॉर्च लावायचा. खालून उजेडाची फट दिसली तर काठ बिघडलेला. मग शेल उलटं करून दुसरा काठ बघायचा. व्यास दोन-तीन दिशांनी मोजला की शेल गोल आहे की अंडाकृती, तेही कळतं. जुना सेट घेताना, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेला, थर कुठे सुटले आहेत का आणि स्क्रू गंजले आहेत का, हेही पाहावं.

उरलेले पैसे खोलीवर घालावेत. स्नेअरपासून चार बोटांवर ठेवलेला माइक मुख्यतः हेड ऐकतो, वर टांगलेले माइक सेटइतकीच खोलीही ऐकतात. लेड झेपेलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधला १९७१ सालचा तो अजस्र ठोका इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत मिळाला. ड्रमर जॉन बॉनमचे ड्रम खाली जिन्याच्या पायथ्याशी प्रवेशदालनात होते आणि माइक जिन्यात उंचावर टांगले होते. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत असा जिना नसतो, त्यामुळे तिथे गाद्या, जाड पडदे आणि पुस्तकांनी भरलेली कपाटं यांचाच आधार.

हाती मर्यादित रक्कम असेल तर माझा क्रम असा : सरळ काठाचं, पुरेशा जाडीचं शेल, मग दोन्ही बाजूंना नवी चांगली हेड, मग खोली, आणि सगळ्यात शेवटी लाकडाचं नाव. दुकानदार हेड उतरवून काठ पाहू देत नसेल, तर सेट मेपलचा असला तरी घेऊ नका.