पाच हजार शाळा आणि कापसाचा एक तुकडा

वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे अलाबामा राज्यातली टस्कीगी संस्था मराठी वाचकाला परकी नाही. बुकर टी. वॉशिंग्टन, शेंगदाणे, रताळी, कापसाने निकस करून टाकलेली जमीन, सगळं ओळखीचं. पण याच संस्थेत सुरू झालेल्या एका कामातून वीस वर्षांत अमेरिकेच्या पंधरा राज्यांत जवळजवळ पाच हजार शाळा उभ्या राहिल्या, हे तुम्हाला ठाऊक होतं का? मला आजही त्या आकड्याचं नवल वाटतं. आणि पैसे कुणी दिले हे कळल्यावर तर थक्क व्हायला होतं.

आधी जरा मागे जाऊ. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी टस्कीगी 1881 साली सुरू झाली, पण तिचे प्रमुख वॉशिंग्टन यांना संस्थेचं कुंपण कधी मान्यच नव्हतं. शेतकऱ्याला वर्गात येता येत नाही ना? मग वर्गाने शेतात जायचं! 1906 साली संस्थेतले शेतीतज्ज्ञ कार्व्हर यांनी एका गाडीचा आराखडा काढला, मॉरिस जेसप या न्यू यॉर्कच्या धनिकाने पैसे दिले, आणि बियाणं, नांगर, लोणी काढायची साधनं लादून ती गाडी खेचरांनी गावोगाव ओढत नेली. थॉमस कॅम्पबेल नावाचा तरुण ती चालवी. लोक रानातच गोळा होत आणि तिथेच शिकत.

गावांत पाय ठेवला की मात्र एक उणीव डोळ्यांत खुपायची. शाळाच नाही! गुलामगिरीच्या काळात अलाबामात कृष्णवर्णीयाला अक्षर शिकवणं हाच कायद्याने गुन्हा होता. गुलामगिरी गेली, तरी सरकारी पैसा गोऱ्या मुलांच्या शाळांकडेच वाहायचा. कृष्णवर्णीय मुलं एखाद्या चर्चमध्ये किंवा गळक्या खोपटात, कापसाच्या हंगामातून सुटका होईल तेवढे महिने शिकत.

इथे कथेत येतात ज्युलियस रोझेनवाल्ड. शिकागोचे, टपालाने माल विकणाऱ्या ‘सीअर्स, रोबक’ या प्रचंड कंपनीचे प्रमुख. 1912 साली, पन्नाशीच्या वाढदिवसाला त्यांनी टस्कीगीला 25,000 डॉलर दिले. वापरून 2,800 डॉलर उरले. ते परत करायचे? वॉशिंग्टननी विचारलं, यातून आजूबाजूच्या गावांत सहा लहान शाळा बांधू का? रोझेनवाल्ड हो म्हणाले, आणि 1913 साली लोचापोका गावात पहिली शाळा उभी राहिली. पाच हजारांची सुरुवात ही अशी, उरलेल्या पैशातून.

पण खरी करामत पैशात नव्हती, अटीत होती. रोझेनवाल्ड एकटे पूर्ण खर्च देणार नाहीत. गावाने आपला वाटा उचलायचा, आणि शाळा सरकारी शिक्षणखात्याने चालवायला घ्यायची. टस्कीगीच्या विस्तार विभागाचे क्लिंटन कॅलोवे गावांना गाठून हे सगळं जुळवून आणत. त्यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

अर्धेलीने शेती करणारी, वर्षानुवर्षं कर्जात बुडालेली माणसं वाटा देणार कुठून? दिला! कुणी जमीन दिली, कुणी झाडं तोडून लाकूड आणलं, बाकीच्यांनी श्रमदान केलं. कापसाच्या रानाचा एखादा तुकडा राखून त्याचं पीक शाळेच्या नावाने विकलं. बायकांनी मासे तळून, डब्यांतलं जेवण लिलावात विकून वर्गणी जमवली. बोलिगी गावात गुलामगिरीचे दिवस पाहिलेला एक म्हातारा पुढे आला आणि त्याने आयुष्यभराची पुंजी टेबलावर ओतली. 38 डॉलर. स्वतः अक्षर शिकण्याची बंदी सोसलेल्या माणसाची ती कमाई होती.

इमारतींचं तर विचारूच नका. टस्कीगीत शिकवणारे वास्तुविशारद रॉबर्ट टेलर हे अमेरिकेच्या प्रख्यात एमआयटीचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. 1915 साली त्यांच्या मदतीने टस्कीगीने शाळांच्या आराखड्यांची एक पुस्तिकाच काढली. शिवणकामाचे कागदी नमुने मिळतात ना, तशी. समोर ठेवून गावच्या सुताराने बांधत जायचं. आता या शाळांचं जुनं छायाचित्र पाहिलंत तर उंच खिडक्यांची सलग रांग दिसेल. का? गावात वीज नव्हती, म्हणून सूर्यच दिवा. खिडक्यांची तोंडं पूर्वेला किंवा पश्चिमेला, आणि बाकं अशी मांडलेली की उजेड मुलांच्या डाव्या बाजूने यावा. उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली कागदावर पडू नये म्हणून! इतका बारीक विचार, तोही ज्यांना आजवर गळकं छप्परच मिळालं होतं त्या मुलांसाठी. दोन वर्गांमधली भिंत सरकवता यायची. ती सरकवली की शाळेचं सभागृह व्हायचं.

1932 पर्यंत या शाळांवर एकूण खर्च झाला सुमारे 2 कोटी 84 लाख डॉलर. त्यात रोझेनवाल्ड यांच्या निधीचे 43 लाख, आणि कृष्णवर्णीय गावकऱ्यांचे 47 लाख! उरलेला बहुतेक पैसा करांचा होता, आणि कर तर हे लोकही भरतच होते. म्हणजे एका शाळेसाठी त्यांनी दोनदा पैसे मोजले. या कौतुकात तो अन्याय झाकला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तोवर दक्षिणेतल्या ग्रामीण कृष्णवर्णीय मुलांपैकी एक तृतीयांश मुलं या शाळांत शिकत होती. नागरी हक्कांसाठी लढलेले जॉन लुईस आणि लेखिका माया अँजेलू हेही पुढे अशाच शाळांत शिकले. 2011 साली दोन अर्थतज्ज्ञांनी जुन्या जनगणनांच्या नोंदी तपासल्या. त्या काळात ग्रामीण कृष्णवर्णीय मुलांनी शिक्षणात जी मजल मारली, तिच्यातला सुमारे 30 टक्के वाटा त्यांना या शाळांचा दिसला. आणखीही एक गोष्ट सापडली. आहात तिथेच पाय रोवून प्रगती करा, असं वॉशिंग्टन आपल्या लोकांना आयुष्यभर सांगत आले, आणि या शाळाही गाव सुधारण्यासाठीच निघाल्या. पण त्यांत शिकलेली मुलं मोठी झाल्यावर उत्तरेकडच्या शहरांकडे जास्त संख्येने निघून गेली. त्यांना आता पर्याय दिसत होते.